कॅटलॉग मोठा झाला की पीडीएफ मेमरीत का मावत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी तुम्ही पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि एमपीडीएफ ही तिच्यातली पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून कॅटलॉग तयार करताय. डिझाइन १,४००. प्रत्येकाचा एक फोटो, खाली मराठी आणि इंग्रजी नाव, माप, वजन, भाव. पानावर सहा डिझाइन. पीएचपीच्या मेमरीची मर्यादा मूळची १२८ एमबी होती तेव्हा २० डिझाइनच्या पुढे काम जात नव्हतं. ५१२ एमबी केल्यावर ९६ पर्यंत गेलं. २ जीबी केल्यावर ४०० ला अडलं. सर्व्हरची एकूण मेमरी ४ जीबी. मालक मोठा सर्व्हर घ्यायला तयार आहेत आणि तुम्ही विचारताय, किती जीबीचा घेऊ?

घेऊ नका. आहे त्याच सर्व्हरवर, मूळच्या १२८ एमबीतसुद्धा हा कॅटलॉग निघेल. सोलापुरात वीसेक वर्षं मी बिलं, उतारे, कॅटलॉग, दरपत्रकं याच कामात आहे आणि मेमरी वाढवून सुटलेला प्रश्न पुढच्या हंगामात परत दारात उभा राहिलेला मी पाहिलाय. डिझाइन वाढणारच आहेत. आज १,४००, दोन वर्षांनी २,०००.

तुम्ही आकडे नीट टिपून दिलेत, त्याबद्दल आधी आभार. निम्मं उत्तर त्यातच आहे. १२८ वरून ५१२ केलं, म्हणजे ३८४ एमबी जास्त दिले, आणि डिझाइन वाढली ७६. भागाकार करा: एका डिझाइनला ५.०५ एमबी. पुढे ५१२ वरून २,०४८, म्हणजे १,५३६ एमबी जास्त, डिझाइन वाढली ३०४. पुन्हा ५.०५. दोन्ही वेळा तोच आकडा येतो याचा अर्थ खर्च सरळ रेषेत वाढतोय. प्रत्येक डिझाइन स्वतःचे पाच एमबी घेऊन बसतं आणि शेवटपर्यंत सोडत नाही. २० डिझाइनचे १०१ एमबी १२८ मधून वजा केले की उरतात २७. तो लायब्ररीचा आणि फॉन्टचा पायाखर्च. याच हिशोबाने १,४०० डिझाइनला लागतील साधारण ७,१०० एमबी. म्हणजे ८ जीबीचा सर्व्हर घेतला असता तर कसाबसा निघाला असता, आणि फाइल लिहून काढायच्या वेळी बहुधा तिथेही पडला असता.

आता फोटोंचं फोल्डर उघडा आणि एका फाइलचा आकार बघा. पाच एमबीच्या आसपास असणार. चांगल्या कॅमेऱ्यावर काढलेले, ६,००० बाय ४,००० पिक्सेलचे, फोटोग्राफरने दिले तसेच ठेवलेले. गुन्हेगार तिथे आहे. मजकूर, तक्ते, मराठी फॉन्ट यांचा या अडचणीत वाटा जवळजवळ नाही.

का, ते समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर उभी आहे. एमपीडीएफ हे एफपीडीएफ या जुन्या लायब्ररीच्या पायावर बांधलेलं आहे. त्या घराण्याची रीत अशी की प्रत्येक पानाचा मजकूर आणि प्रत्येक चित्राचे बाइट मेमरीत साठवत जायचे आणि सगळी पानं संपली की अख्खी फाइल एकदम जुळवायची. दहा पानांच्या बिलाला ही रीत उत्तम आहे. एकूण पानांची संख्या शेवटी कळते आणि ती मागे जाऊन प्रत्येक पानावर घालता येते. पण २३४ पानांच्या सचित्र कॅटलॉगला तीच रीत गळ्याशी येते.

पीडीएफ या प्रकाराची स्वतःची अशी काही अट नाही, हे मात्र लक्षात ठेवा. अडोबने तो १९९३ मध्ये आणला, २००८ मध्ये तो आयएसओचं प्रमाण झाला, आणि पहिल्यापासून त्याची रचना एकामागोमाग लिहीत जाण्याजोगी आहे. फाइलमध्ये सुट्या वस्तू एकेक करून येतात: हे पान, हा फॉन्ट, हे चित्र. शेवटी एक यादी येते, कोणती वस्तू फाइलच्या कितव्या बाइटपासून सुरू होते त्याची. त्या यादीतली एक नोंद २० बाइटची. एक लाख वस्तू असल्या तरी यादी २० लाख बाइटची, म्हणजे दोन एमबीही नाही. वाचणारं सॉफ्टवेअर आधी फाइलच्या टोकाला जातं, यादी वाचतं आणि मग हवं ते पान काढतं. तेव्हा लिहिणाऱ्याने लिहून झालेली वस्तू डिस्कवर टाकून विसरायला काहीच हरकत नाही, फक्त ती कुठे टाकली तेवढं लक्षात ठेवायचं.

तुमच्या कारखान्यात खाली जाऊन एखाद्या मागापाशी पाच मिनिटं उभे राहा. विणून झालेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलं जात असतं. विणकराच्या समोर उघडा असतो तो फणीपुढचा हातभर पट्टा. तागा दहा मीटरचा असो की शंभर मीटरचा, मागाला जागा तेवढीच लागते. चांगला पीडीएफ प्रोग्राम असाच चालला पाहिजे. पानं किती आहेत यावर मेमरी ठरता कामा नये, एका वेळी हातात किती आहे यावर ठरली पाहिजे.

तुमच्या बाबतीत पहिलं काम फोटोंचं. कॅटलॉगमध्ये फोटो ३ इंच बाय २ इंच छापला जाणार आहे. छपाईला इंचाला ३०० ठिपके पुरतात. म्हणजे ९०० बाय ६०० पिक्सेल, ५ लाख ४० हजार ठिपके. तुम्ही देताय २ कोटी ४० लाख. चव्वेचाळीस पट जास्त, आणि त्यातला एकही जादा ठिपका कागदावर दिसणार नाही. मूळ फोटो जपून ठेवा, त्यांना हात लावू नका. त्यांच्यापासून ९०० पिक्सेल रुंदीच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये बनवा, जेपेग दर्जा ८० ते ८५. आपल्याकडच्या मालाबद्दल एक सांगतो: टेरीच्या टॉवेलवर बारीक फास असतात, त्यामुळे शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांशी जुळत नाहीत आणि जेपेगला दाबायला फारसं काही सापडत नाही. साध्या भिंतीचा फोटो जिथे ७० केबीला येतो तिथे टॉवेलचा दीडशे-दोनशे केबीला येईल. ते ठीक आहे. दर्जा ६० वर उतरवून आकार कमी करायला जाऊ नका. फासांचा पोत चिखल झाल्यासारखा दिसतो, आणि गिऱ्हाईक कॅटलॉगमध्ये पोतच बघत असतं.

प्रती बनवायला लिबविप्स या चित्रांच्या लायब्ररीबरोबर येणारं विप्सथंबनेल वापरा. ते जेपेग उघडतानाच निम्म्या, पाव किंवा आठव्या हिश्शाच्या आकारात उघडू शकतं, त्यामुळे पूर्ण फोटो मेमरीत पसरावा लागत नाही. हेच काम जीडी या पीएचपीच्या चित्रांच्या लायब्ररीने करायला गेलात तर एका पिक्सेलला चार बाइट जातात. २ कोटी ४० लाख गुणिले चार, म्हणजे एका फोटोला ९ कोटी ६० लाख बाइट, ९२ एमबी. डिस्कवर पाच एमबीची दिसणारी फाइल उघडल्यावर एवढी फुगते. डिस्कवरचं वजन आणि उघडल्यावरचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्या मुलांचा घोळ हमखास इथेच होतो.

याच कारणाने जेपेग आणि पीएनजी यांत पीडीएफच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. जेपेगचे बाइट पीडीएफमध्ये जसेच्या तसे ठेवता येतात, लायब्ररीला चित्र उघडावं लागत नाही. पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी मात्र उघडावा लागतो, त्यातला रंग वेगळा आणि पारदर्शकता वेगळी काढून दोन चित्रं म्हणून ठेवावी लागतात. म्हणून डिझायनरने पार्श्वभूमी काढून पीएनजी दिले असतील तर पांढऱ्यावर बसवून त्यांचे जेपेग करून घ्या. कागद पांढराच आहे.

फोटोंच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी तपासा. मोबाइलवर काढलेले फोटो आडवे पडतात का? उभा-आडवा हे फोटोच्या आतल्या एका खुणेत लिहिलेलं असतं आणि पीडीएफ ती खूण बघत नाही. प्रत बनवतानाच फोटो सरळ करून घ्यावा. दुसरं, कारखान्याचा लोगो. लायब्ररी चित्र त्याच्या पत्त्यावरून ओळखते. पत्ता तोच असेल तर लोगो फाइलमध्ये एकदा ठेवला जातो आणि प्रत्येक पान त्याच्याकडे बोट दाखवतं. पण वेबसाइटवर जुनं चित्र दिसू नये म्हणून पुष्कळ जण पत्त्यामागे वेळ चिकटवतात. तोच टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, पीडीएफला वापरला की प्रत्येक पानाचा पत्ता वेगळा होतो आणि एकच लोगो २३४ वेळा आत जातो.

एवढं केल्यावर तुमचा हिशोब काय होतो बघा. १,४०० फोटो, प्रत्येकी २०० केबी धरले तर २८० एमबी. ७,१०० वरून आपण इथे आलो, टेम्प्लेटमधला फोटोंचा पत्ता नव्या फोल्डरकडे वळवण्यापलीकडे कोड न बदलता. ५१२ एमबीच्या मर्यादेत फोटो मावतील, पण शेवटी फाइल जुळवताना तेच बाइट पुन्हा एकदा मेमरीत येतात, म्हणून १ जीबी दिलेत तर आजचं काम निभावेल. घाई असेल तर आज एवढ्यावर थांबा आणि मालकांना कॅटलॉग द्या. पण उद्याचं दुखणं टाळायचं असेल तर दुसरी पायरीही करा.

दुसरी पायरी: कॅटलॉग तुकड्यांत बनवा. छापखानेवाले सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. मी तोच आकार धरतो. सोळा पानं गुणिले सहा, म्हणजे एका तुकड्यात ९६ डिझाइन. तुमचे १४ पूर्ण तुकडे होतील आणि पंधरावा ५६ डिझाइनचा, दहा पानांचा. पानावर नेहमी सहाच डिझाइन असल्यामुळे कोणता तुकडा कितव्या पानापासून सुरू होतो हे आधीच कळतं, एकूण पानं २३४ हेही आधीच कळतं. प्रत्येक तुकड्याला सुरुवातीचा पानक्रमांक द्यायचा आणि एकूण संख्या स्वतः छापायची. लायब्ररीला शेवटपर्यंत थांबून मोजायला लावायचंच नाही.

प्रत्येक तुकडा वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे दर वेळी प्रोग्राम नव्याने सुरू करून चालवा. एकाच स्क्रिप्टमध्ये पंधरा वेळा फेरी फिरवली तर मागच्या फेरीतलं काही ना काही अडकून राहतं, कुठल्या तरी वस्तूने दुसरीला धरून ठेवलेलं असतं, आणि दहाव्या फेरीपर्यंत मेमरी पुन्हा चढते. प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टिम तिची सगळी मेमरी परत घेते. या झाडलोटीवर माझा लायब्ररीच्या सफाईपेक्षा जास्त विश्वास आहे. एका तुकड्याला पायाखर्च २७ एमबी आणि फोटोंचे १९, वर फाइल जुळवायला तेवढेच आणखी धरा. १२८ मध्ये आरामात.

मग पंधरा तुकडे क्यूपीडीएफ या पीडीएफ जोडणाऱ्या साधनाने जोडा. ते पानं पुन्हा रचत नाही, वस्तू उचलून एका फाइलमध्ये ठेवतं आणि यादी नवी लिहितं. अनुक्रमणिका पुढे हवी असेल तर ती सर्वांत शेवटी, वेगळी छोटी पीडीएफ म्हणून बनवा आणि जोडताना पहिली लावा. या पद्धतीचा फायदा मेमरीपुरता राहत नाही. सुताचे भाव हलले आणि नॅपकिनचे दर बदलले तर नॅपकिन असलेला तुकडाच पुन्हा बनवायचा. बाकीचे चौदा तयार असतात.

तुकडे फार लहान मात्र करू नका. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका पतसंस्थेच्या सुमारे २२,००० सभासदांचे ३१ मार्चचे खातेउतारे मराठीत छापायचे होते. मी प्रत्येक सभासदाची वेगळी पीडीएफ बनवली आणि रात्री सगळ्या जोडायला लावल्या. सकाळी बघतो तर फाइल नाही आणि पीएचपीच्या लॉगमध्ये एका ओळीची चूक नाही. कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, संदेश बघितले तेव्हा उलगडा झाला. मर्यादा मी काढून टाकली होती, त्यामुळे पीएचपीने तक्रार केलीच नाही. सर्व्हरची मेमरी संपत आली तेव्हा लिनक्सने स्वतःच ती प्रोसेस मारली. अशा वेळी बाहेर पडतो तो १३७ हा क्रमांक, १२८ अधिक ९, आणि नववा संकेत म्हणजे थेट मरण. कुठलाही खुलासा न देता काम नाहीसं झालं तर आधी हा क्रमांक शोधा.

मोठं मशीन मिळवून फाइल जोडली. ती १ जीबीहून मोठी झाली आणि छापखान्यातल्या संगणकावर उघडेना. २२,००० पानं, पानावर बारा-पंधरा ओळी, एवढं वजन कशाचं? पॉपलर या साधनसंचातलं, पीडीएफमधल्या फॉन्टची यादी देणारं पीडीएफफॉन्ट्स चालवलं आणि पडद्यावर एकाच मराठी फॉन्टचं नाव हजारो वेळा धावत गेलं. प्रत्येक नावाआधी सहा इंग्रजी अक्षरांची वेगळी खूण आणि अधिकचं चिन्ह. ती खूण सांगते की फॉन्टमधली लागणारी अक्षरंच आत घेतली आहेत. प्रत्येक उताऱ्याने आपापली अक्षरं घेतली होती, प्रत्येकी ४५ केबी. त्याला २२,००० ने गुणा. उताऱ्याचा स्वतःचा मजकूर पाच केबीसुद्धा नव्हता. आम्ही सभासदाला नव्हे, फॉन्टलाच पुन्हा पुन्हा छापत होतो. मग शाखेप्रमाणे लावून ५०० सभासद एका पीडीएफमध्ये बनवले, ४४ फायली झाल्या, फॉन्ट ४४ वेळा आला, आणि सगळं मिळून १२० एमबीच्या आत बसलं. तुमच्या पंधरा तुकड्यांत फॉन्ट पंधरा वेळा येईल, त्याची चिंता करू नका.

त्याच कामात डेटाबेसचाही धडा मिळाला. कॅटलॉगला १,४०० ओळी म्हणजे काहीच नाही, पण पुढे कधी विणकरांच्या मजुरीचा किंवा सुताच्या खतावणीचा अहवाल काढाल तेव्हा लागेल. पीएचपी मायएसक्यूएल या डेटाबेसकडून निकाल मागवतं तेव्हा नेहमीच्या पद्धतीत सगळ्या ओळी आधी आपल्याकडे आणून ठेवतं, मग तुम्ही त्या एकेक वाचता. तुम्हाला वाटतं एक ओळ वाचतोय, पण मागे पूर्ण गठ्ठा मेमरीत असतो. ही साठवण बंद करता येते, पण मग तो निकाल संपेपर्यंत त्याच जोडणीवरून दुसरा प्रश्न विचारता येत नाही. मी क्रमांकाप्रमाणे हजार-हजारच्या तुकड्यांत वाचतो: मागचा शेवटचा क्रमांक धरून त्याच्या पुढचे हजार. पीएचपीच्या लॅराव्हेल या फ्रेमवर्कमध्ये हे तयार मिळतं.

आणि लांबलचक तक्ते. ४०,००० ओळींचा एकच तक्ता एचटीएमएलमध्ये लिहून लायब्ररीला दिला तर ती बिचारी काय करते? रकान्यांची रुंदी तुम्ही ठरवून दिली नसेल तर सर्वांत लांब नाव कुठल्या ओळीत आहे ते शोधायला तिला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागतं. पहिली ओळ मांडण्याआधी चाळीस हजारावी बघावी लागते, म्हणजे सगळा तक्ता हातात धरावा लागतो. रकान्यांना पक्की रुंदी द्या आणि तक्ता पानापानाला तोडून पुन्हा सुरू करा. एमपीडीएफला तर एचटीएमएलचा मोठा तुकडा एकदम चालतच नाही. पीएचपीच्या एका सेटिंगची दहा लाखांची सीमा आडवी येते आणि लहान तुकड्यांत द्या असा संदेश मिळतो. लोक ती सीमा एक कोटी करून मोकळे होतात. तो संदेश चांगला सल्ला देतोय, तो ऐका.

तुम्ही एक ओळ सहज लिहिली होती, की टर्मिनलवरून चालवलं तर ४०० च्या पुढे जातं आणि ब्राउझरमधून जात नाही. त्यात गूढ काही नाही. उबंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर टर्मिनलच्या पीएचपीची सेटिंग फाइल वेगळी असते आणि तिथे मेमरीची मर्यादा उणे एक, म्हणजे मर्यादाच नाही, अशी दिलेली असते. ब्राउझरकडची वेगळी. त्यामुळे टर्मिनलवर चाललं म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे तुमचा प्रोग्राम सर्व्हरच्या ४ जीबीच्या भिंतीला जाऊन धडकेल आणि मघाशी सांगितलं तसा मारला जाईल.

ब्राउझरच्या बाजूला तुम्ही सगळ्यांसाठी २ जीबी करून ठेवलंय, ते आजच परत खाली आणा. ती मर्यादा एका विनंतीची आहे. पीएचपीच्या वीस प्रोसेस चालायची मुभा असेल तर वाईटात वाईट वेळी ४० जीबीची परवानगी तुम्ही देऊन बसलाय. मालकांनी आणि सेल्सच्या माणसाने एकाच वेळी कॅटलॉगचं बटण दाबलं तर दोघांचंही अडेल आणि बिलिंगही बंद पडेल. शिवाय एन्जिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर मागच्या पीएचपीची वाट साधारणपणे ६० सेकंदच बघतं. कॅटलॉग बनवणं हे ब्राउझरच्या विनंतीत करायचं कामच नाही. बटण दाबलं की मागणी रांगेत टाका, मागे एकच कामगार प्रोसेस एका वेळी एक कॅटलॉग बनवेल, झालं की दुवा दाखवा. तयार फाइल देतानाही ती आधी पूर्ण वाचून मग पाठवू नका. तशीच ओघाने पाठवा किंवा एन्जिनएक्सलाच पाठवायला सांगा. ईमेलला जोडलीत तर ती वाटेत एक तृतीयांशाने फुगते आणि त्यासाठी पुन्हा मेमरी जाते.

एमपीडीएफ सोडून दुसरं काही घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. या कामासाठी नको, आणि त्याचं मोठं कारण मराठी. एमपीडीएफला देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट लावता येतात, तशी सेटिंग चालू केली तर. हलक्या आणि जलद अशा बऱ्याच लायब्रऱ्या अक्षरं आली त्या क्रमाने मांडतात. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते, रफार सुटा पडतो. कोणतीही लायब्ररी तपासताना मी आधी दोन शब्द छापून बघतो: ‘सिद्धेश्वर’ आणि ‘टर्किश’. दुसरा जास्त कठीण, कारण एकाच अक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही येतात. ग्रामदैवताचं नाव आणि गावाचा माल, दोन्ही चुकीचे छापणारी लायब्ररी कितीही कमी मेमरी घेत असली तरी माझ्या कामाची नाही.

क्रोमला पडद्याआड चालवून पीडीएफ काढणं हा दुसरा चांगला मार्ग आहे. मराठी त्यात अचूक येतं. पण क्रोमची मेमरी पीएचपीच्या मर्यादेत मोजली जात नाही. वेगळी प्रोसेस आहे ती, थेट सर्व्हरची मेमरी खाते. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त डब्यात ठेवून चालवाल तर सामायिक मेमरी मुळात ६४ एमबीच मिळते आणि क्रोम मोठ्या पानावर कोसळू शकतं. ती जागा वापरू नको असं सांगणारा पर्याय क्रोमला देता येतो. तुकड्यांची पद्धत तिथेही लागतेच.

बाकी भाषांचं धावतं सांगतो, कारण तुमचा मित्र जावात काम करतो असं लिहिलंय. जावातलं आयटेक्स्ट पानं लिहून झाली की सोडून देऊ शकतं आणि मोठ्या तक्त्यासाठी त्यात वेगळी सोय आहे. एकूण पानांच्या जागी रिकामी चौकट ठेवून ती शेवटी एकदाच भरतात, हे मला फार आवडतं. व्यापारी कामात वापरण्याआधी त्याचा परवाना मात्र वाचावा. जावातल्याच पीडीएफबॉक्सला फायली जोडताना तात्पुरत्या डिस्क फाइलवर काम करायला सांगता येतं. पायथनचं रिपोर्टलॅब सगळं शेवटी जतन करताना लिहितं, म्हणून तिथेही तुकडे करा. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचं पीडीएफकिट नवं पान उघडलं की जुनं सोडतं, फक्त पानं धरून ठेवण्याचा पर्याय चालू करू नका.

तयार झालेल्या फाइलबद्दल शेवटचं. २८० एमबीची पीडीएफ छापखान्याला द्या. इचलकरंजीच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याला मोबाइलवर पाठवायची प्रत वेगळी बनवा, फोटो ४५० पिक्सेल रुंदीचे. क्षेत्रफळ पावपट झालं की फोटोही साधारण पाव वजनाचा होतो, कॅटलॉग ७० एमबीच्या आसपास येईल. वेबसाइटवर ठेवणार असाल तर क्यूपीडीएफने ती ओळीने उघडणारी करून घ्या, म्हणजे पूर्ण उतरायच्या आधी पहिलं पान दिसायला लागतं.

हे सगळं केल्यावर एक चाचणी घ्या. ४८, ९६ आणि १९२ डिझाइनसाठी वेगवेगळं चालवा आणि प्रत्येक वेळी स्क्रिप्टच्या शेवटी पीएचपीने गाठलेली कमाल मेमरी लिहून ठेवा. ९६ वरून १९२ वर जाताना वाढ २० ते ४० एमबीच्या आत राहिली तर फोटोंच्या प्रती बरोबर लागल्या आहेत. ४८५ एमबीच्या आसपास आली तर टेम्प्लेट अजून मूळ फोटोंचाच पत्ता देतोय. आकडे यातल्या कशातच बसले नाहीत तर तिन्ही आकडे, एका फोटोचा आकार आणि टेम्प्लेटचा फोटो दाखवणारा भाग मला पाठवा.